न विकलेला माल, न चुकवलेली बोली

रिठदच्या कास्तकाराला लिलाव शिकवावा लागत नाही. वाशिमच्या किंवा रिसोडच्या बाजार समितीत सोयाबीनचा ढीग पडतो, अडते आणि व्यापारी भोवती उभे राहतात, हर्रासी सुरू होते. भाव पटला तर काटा होतो. पटला नाही तर माल पुन्हा पोत्यांत जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच ढीग पुन्हा हर्रासीत उतरतो. 14 एप्रिल 2016 रोजी सुरू झालेल्या ई-नाम या राष्ट्रीय कृषी बाजारातही सर्वोच्च बोली नाकारण्याचा हक्क शेतकऱ्याकडेच राहिला आहे. आता हीच हर्रासी मोबाईलवर आली आहे. जुना पाण्याचा पंप, शिलाई मशीन, वापरलेला फोन यांचे छायाचित्र टाकायचे, मुदत ठरवायची आणि बोलीची वाट पाहायची. बोली आली नाही, अथवा बोली जिंकणाऱ्याने पैसेच दिले नाहीत, तर वस्तू अधिक भावाच्या आशेने पुन्हा मांडायची. वाचक बंधू-भगिनींनो, या पुन्हा मांडण्याचा शरीयतच्या दृष्टीने विचार करू.

अधिक किमतीची अपेक्षा धरणे हा लोभ नव्हे, हे आधी स्पष्ट असू द्या. ह. अनस (रजि.) यांच्या कथनानुसार एक गरजू अन्सारी मदत मागायला आले. घरात काय आहे, असे प्रेषितांनी (स.) विचारले. एक जाडेभरडे कापड आणि पाणी पिण्याचा एक वाडगा, एवढेच होते. त्या दोन वस्तू मागवून प्रेषितांनी (स.) स्वतः त्यांची बोली लावली. एक दिरहम देणारा मिळाल्यावरही ते थांबले नाहीत. याहून अधिक कोण देतो, असे दोन-तीनदा विचारले आणि दोन दिरहमला सौदा केला. त्यातल्या एका दिरहमचे अन्न आले, दुसऱ्याची कुऱ्हाड (अबू दाऊद). गरजवंताच्या वस्तूला योग्य दाम मिळावे म्हणून पहिली बोली पुरेशी न मानणे हे सुन्नतमध्येच आहे. पण त्या बैठकीत वस्तू सर्वांच्या डोळ्यांसमोर होती आणि दाम लगेच हातात पडले. मोबाईलवरच्या बोलीत नेमक्या याच दोन गोष्टी नसतात.

जी वस्तू विकलीच गेली नाही, तिच्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. ती आपलीच आहे. दहादा मांडा, भाव वाढवून मांडा. मात्र पहिल्या खेपेला कोणी पंपातून येणाऱ्या आवाजाबद्दल विचारले असेल आणि म्हणून बोली आली नसेल, तर दुसऱ्या खेपेला तो आवाज वर्णनात यायला हवा. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवणाऱ्या प्रेषितांनी (स.) फसवणाऱ्याशी आपले नाते नाकारले आहे (मुस्लिम). ढीग वरून कोरडा दिसणे म्हणजे काय, हे रिठदमध्ये कोणाला समजावून सांगावे?

खरा पेच आहे तो न चुकवलेल्या बोलीचा. पैसे आले नाहीत म्हणजे सौदा झालाच नाही, असे आपण सहज धरून चालतो. हनफी फिकह असे मानत नाही. बोली हा प्रस्ताव. विक्रेत्याने तो स्वीकारला की खरेदी पूर्ण होते आणि वस्तू खरेदीदाराची होते. दाम मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा हक्क विक्रेत्याला आहे, परंतु सौदा न मोडता ती परस्पर दुसऱ्याला विकण्याचा नाही. यावर फुकहांनी मार्गही दाखवला आहे. ठरलेल्या दिवसांत दाम न दिल्यास सौदा उरणार नाही, अशी अट सुरुवातीलाच घालता येते. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी ही मुदत तीन दिवसांची मानली, त्यांचे शिष्य इमाम मुहम्मद (रह.) यांनी ठरवून घेतलेली अधिक मुदतही मान्य केली. छायाचित्राखाली हे एक वाक्य लिहायला किती वेळ लागतो? अट घातली नसेल, तर खरेदीदाराला कळवावे, थोडी सवड द्यावी. तो नाहीच म्हणाला तर सौदा मोडल्याचे त्याला स्पष्ट सांगावे आणि मगच वस्तू पुन्हा मांडावी. हे वाटते तितके अवघड नाही. पण आपले मन अनेकदा उलट दिशेने चालते. भाव वाढल्याचे दिसले, की समोरच्याची दोन दिवसांची दिरंगाई आपल्याला मनातून आवडू लागते.

याहून नाजूक गोष्ट आहे आकड्याची. समजा, पंपाची बोली 9,000 रुपयांवर गेली आणि तो माणूस गायब झाला. दुसऱ्यांदा मांडताना आपण लिहितो, 'मागच्या वेळी 9,000 पर्यंत गेला होता.' वाक्य खोटे नाही. पण त्या 9,000 मधला एक रुपयाही कोणी दिला नाही, हे गाळले, की नवा खरेदीदार त्या पोकळ आकड्यावरून आपली बोली ठरवतो. कियामतच्या दिवशी अल्लाह ज्यांच्याकडे पाहणार नाही अशा तिघांत एक जण असा आहे, ज्याने अस्रनंतर शपथ घेऊन मालाला अमुक किंमत सांगितली गेली होती असे खोटेच सांगितले आणि ग्राहकाने त्यावर विश्वास ठेवला (बुखारी, मुस्लिम). आपले वाक्य त्या शपथेइतके उघड असत्य नाही, हे मान्य. पण ग्राहकाच्या मनात दोन्हींचा परिणाम सारखाच होतो. मग जो मेहुण्याला सांगून खोटी बोली चढवतो, त्याचे काय बोलावे! त्याला नजश म्हणतात आणि त्याची मनाई निःसंदिग्ध आहे.

आता एक प्रसंग कल्पून पाहा. पाचव्या दिवशी पहिल्या खरेदीदाराचा फोन येतो. अडत्याकडून सोयाबीनची पट्टी उशिरा मिळाली, पैसे आता हातात आहेत, पंप न्यायला येतो, असे तो म्हणतो. इकडे दुसऱ्या मांडणीवर 10,500 ची बोली आलेली असते. अडचणीतल्या देणेकऱ्याला सवड देण्याची सूरह अल-बकरामधली शिकवण (2:280) इथे आठवते, पण त्याआधी आठवायची ती आपणच घातलेली किंवा न घातलेली अट. तीन दिवसांची मुदत सांगितली असेल, तर पंप आपला. पहिल्याला द्यायचा की 10,500 वाल्याला, ही आपली मर्जी. मुदत सांगितली नसेल आणि सौदाही मोडला नसेल, तर पंप 9,000 लाच त्याचा. अशा वेळी दुसरी मांडणी लगेच काढून टाकायची आणि 10,500 ची बोली लावणाऱ्याला फोन करून सांगायचे, की पंप आधीच विकला गेला होता, तो पुन्हा मांडण्यात चूक माझीच झाली.