भुलेतले दोन तास

मागच्या वर्षी धुळ्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन किरकोळच; सांगायचं आहे ते भुलेबद्दल. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी हाताच्या शिरेत दुधासारखं पांढरं औषध सोडता सोडता गाव विचारलं. मी 'अमळनेर' म्हणायला तोंड उघडलं. 'अम' एवढं म्हटल्याचं आठवतं. पुढच्या क्षणी कोणीतरी गालावर चापट्या मारत होतं, खोली वेगळी होती आणि भिंतीवरचं घड्याळ दोन तास पुढे गेलेलं होतं.

रात्री झोपून उठलं की घड्याळ न बघताही कळतं, मधे बराच वेळ गेला. अंगात आळस असतो, मागे काहीतरी पसरलेलं असतं. इथे तसं काहीच नव्हतं. 'अम' आणि चापटी यांच्यामध्ये जागाच नव्हती. टाके ठणकायला लागायच्या आधी मला गावचं तत्त्वज्ञान मंदिर आठवलं आणि वाटलं, आता त्या लोकांचं काय करायचं?

ते लोक कोण, हे सांगायला हवं. बाहेरच्यांना अमळनेर ठाऊक असतं ते प्रताप मिलमुळे, नाहीतर १९४५ साली विप्रोचा जन्म इथल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यात झाला म्हणून. पण मिलवाल्या प्रताप शेठजींनी १९१६ सालीच इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं होतं, आणि पुढची काही दशकं बोरीकाठच्या या गावात दूरदूरचे तत्त्वज्ञ येऊन राहत, वाद घालत. 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' इथून निघायचं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांचं 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' १९३० साली इथूनच प्रसिद्ध झालं. कॉलेजात असताना मी ते दोनदा हाती घेतलं आणि दोनदा खाली ठेवलं. १९३३ साली मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून एक पुस्तक लिहिलं. त्याचा विषय अज्ञान. सगळं पुस्तक 'कळत नाही' या दोन शब्दांवर! मे महिन्यात जिथे माणसाला घामापलीकडे काही सुचत नाही तिथे बसून ही मंडळी असला खल करत होती, याचा मला अजून अभिमान वाटतो.

अज्ञानावर एवढं लिहिण्यासारखं काय आहे? आहे. अद्वैत वेदान्ताचा फार धारदार युक्तिवाद गाढ झोपेवर उभा आहे. सकाळी उठून आपण म्हणतो, छान झोप लागली, काही कळलं नाही. वेदान्ती तिथेच मनगट धरतो: काही कळलं नाही, हे तुला कसं कळलं? आठवतं ते आधी अनुभवलेलंच असतं. म्हणजे इंद्रियं झोपली, मन झोपलं, तरी त्या अंधाराला बघणारा कोणीतरी जागा होता. तोच साक्षी, तोच आत्मा. न्यायदर्शनाच्या नैयायिकाला हे मंजूर नाही. तो म्हणतो, ही आठवण नव्हेच, हे अनुमान. उजाडलंय, अंग हलकं झालंय, त्यावरून मधला काळ तू मागाहून भरून काढलास.

वीसेक वर्षं मी साक्षीच्या बाजूने होतो. भुलेने मला पक्ष बदलायला लावला, निदान अर्धा. साक्षी कधीच झोपत नसेल तर त्या दोन तासांच्या अंधाराचं काहीतरी माझ्यापर्यंत यायला हवं होतं. वेदान्त्याकडे उत्तर तयार आहे: ब्रह्मसूत्रांनी मूर्च्छेला झोपेपासून वेगळं काढून अर्ध्या लयाचा दर्जा दिलेला आहे. मला ही वकिली वाटते. अशील अडचणीत आलं की नवं कलम काढायचं.

म्हणून जडवाद्यांनी पेढे वाटावेत असंही नाही. १८४६ साली बॉस्टनला ईथरची भूल चारचौघांसमोर दाखवली गेली. तेव्हापासून शुद्ध घालवायची कशी ते माणसाला ठाऊक आहे. जाते ती काय चीज आहे, ते नाही. औषध मेंदूत कुठे चिकटतं, कोणते संदेश मंदावतात, हे डॉक्टर सांगू शकतात. पण पेशींच्या त्या खटपटीला आतून काहीतरी 'वाटणं' का जोडलेलं असतं? डेव्हिड चामर्स यांनी १९९५ साली याला 'अवघड प्रश्न' असं नाव दिलं, आणि तो अवघडच राहिला आहे. विहिरीवरची मोटार बंद करता येणाऱ्याला वीज कळलेली असते असं थोडंच आहे.

साक्षीच्या बाजूला मी गेलो तो काही पुस्तकं वाचून नव्हे. तिशीत इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस बसलो होतो. आधी साडेतीन दिवस नुसता श्वास, मग डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघत फिरायचं. गुडघ्यांनी जीव काढला. सातव्या दिवशी संध्याकाळी गुडघे गेले. दुखणं थांबलं असं नाही, गुडघेच गेले. मग मांड्या, हात, पाठ. एक बारीक थरथर तेवढी उरली, आणि ती कोणाची आहे हे सांगता येईना. घंटा झाली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी मनाशी ठरवून टाकलं, हाच आत्मा. दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर शेजारच्या आसनावरच्या माणसाला हे सांगितलं. जळगावकडचा केळीचा व्यापारी होता. त्यालाही अगदी असंच झालेलं. खुशीत येऊन म्हणाला, "हो ना भाऊ, आपली तर खात्री पटली. आत आत्माबित्मा कोणी नाही."

अनुभव एकच, निकाल दोन. तो बुद्धाच्या वाटेने तिथे आलेला, मी ज्ञानेश्वरीच्या पारायणांत वाढलेला. अनुभव आम्हाला काहीच बोलला नव्हता. आम्हीच आपापली भाषा त्याच्या तोंडी घातली होती. थरथर खरी होती, पाणी खरं होतं. तिथून 'आत्मा आहे' किंवा 'आत्मा नाही' इथवर मात्र आम्ही दोघांनीही उडी मारली, आणि उडी मारली हे लक्षातही आलं नाही. आपल्याकडे ज्याला अनुभव आला त्याला प्रश्न विचारायचा नाही, अशी रीत आहे. मी म्हणेन, त्याने आधी स्वतःलाच विचारावा. माझ्यासारख्याला तर ते कळायला बेशुद्ध पडावं लागलं.

यासाठी मला चांगदेव जवळचा वाटतो. तापी-पूर्णेच्या संगमावर त्याच्या नावाचं गाव आहे, देऊळ आहे. मुक्ताईचं स्थान तिथून जवळच. कथा सगळ्यांना पाठ असते: ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला, वयाने धाकटे, ज्ञानाने थोर, मायना काय लिहावा सुचेना, तेव्हा कोराच कागद धाडला. चौदाशे वर्षं तप करून कोराच राहिला, असं मुक्ताई हसली. ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं, त्यात आरसा नसला तरी तोंड असतंच हा दृष्टान्त आहे. ओव्या अपूर्व आहेत. पण इतकी वर्षं ऐकत आलेल्या या कथेत आता माझं मन कागद पाठवणाऱ्याकडे झुकतं. माहीत नाही ते त्याने लिहिलं नाही.

टाके काढायला गेलो त्या दिवशी रिक्षा धुळ्याच्या तुरुंगावरून गेली. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत विनोबांनी या तुरुंगात दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं केली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. साने गुरुजी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिरातही काही काळ होते, पण रमले ते प्रताप हायस्कुलातल्या आणि वसतिगृहातल्या मुलांत. 'गीता प्रवचने'च्या दुसऱ्या अध्यायात विनोबा आत्म्याची अमरता आणि अखंडता सांगतात. गुरुजींच्या हातून ते कागदावर उतरलं. पंधरा वर्षांनी, १ मे १९४७ला, तेच गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. आत्मा अखंड आहे हे शतकानुशतकं कीर्तनांतून सांगणाऱ्या गावात विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना बंद होतं, आणि ते उघडण्यासाठी एका माणसाला दहा दिवस उपाशी राहावं लागलं. आत्मा सगळ्यांत सारखाच आहे, या वाक्याने त्या दाराची कडी निघाली नव्हती. मला आत्म्याच्या शाश्वतीपेक्षा ते दहा दिवस जास्त कळतात. आणि कोणी म्हणेल की गुरुजींची आत्म्यावर श्रद्धा होती म्हणूनच ते बसले; असेल. श्रद्धा तर दार बंद ठेवणाऱ्यांचीही होती.

मी अजून रोज पहाटे अर्धा तास गच्चीवर बसतो. थरथर कधी येते, कधी आमच्या देवपूर भागातल्या कुत्र्यांचं भुंकणं येतं. नाव कशालाच देत नाही.

धर्म म्हणून माझ्याकडे उरली आहे ती आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. त्या दिवशी आमच्याकडे पितरांची घागर भरतात: नवी मातीची घागर, तिच्यावर पाण्याचं छोटं डेरगं, त्यावर खरबूज, सांजोऱ्या, आंबा. मग आमरस-पुरणपोळीचा घास निखाऱ्यावर ठेवून आगारी टाकायची. घरात गॅस आल्यापासून माय त्यासाठी मुद्दाम गोवरी पेटवते. कॉलेजात असताना मी तिला विचारलं होतं, हे पाणी त्यांना पोचतं का. ती म्हणाली होती, "पोचस का नही ते तू नको दखू. घागर भर." तेव्हा मला ते अडाणीपणाचं वाटलं होतं.

घागर पुजताना एकेका पितराचं नाव घेऊन उंबरठ्यावर कुंकवाचं बोट ओढायचं असतं. बाप गेल्यापासून माय कुंकवाला हात लावत नाही (हेही मला पटत नाही, पण ते भांडण वेगळं), म्हणून बोटं मी ओढतो. यंदा बापाचं ओढलं, आजाचं ओढलं, पणजाचं ओढलं आणि थांबलो. त्याच्या बापाचं नाव मला माहीत नव्हतं. मायला विचारलं. तिलाही आठवेना.

"नाव नही ते नही," ती म्हणाली. "बोट ओढ."

मी ओढलं. तिने खरबूज जरा सरळ केलं आणि निखारे विझायच्या आत तूप आणायला मला आत पिटाळलं.