डाव सोडणाऱ्याचा संन्यास

कर्मेंद्रियांना आवरून बसलेला, परंतु मनाने विषयांचेच चिंतन करीत राहिलेला मनुष्य मिथ्याचारी होय, असा निवाडा गीतेच्या तिसऱ्या अध्यायात दिलेला आहे. आणि तो इतका स्पष्ट असूनही त्याची अंमलबजावणी फार कठीण, कारण आवरलेले हात सर्वांस दिसतात आणि मन कोणासच दिसत नाही. मठात किंवा सेवानिवृत्तीनंतर ओसरीवर बसलेल्या विरक्ताची झडती घेण्याचे साधन आपल्याजवळ नाही. पण अमेरिकेतील लास व्हेगास शहरी पोकरची जी जागतिक मालिका दरवर्षी भरते, तिच्या मुख्य सामन्याच्या पहिल्या दिवशी हजारो माणसे हे आवरणे चारचौघांत, घड्याळ लावून आणि रोख रक्कम भरून करीत असतात. आणि जुगाराच्या मेजावर अध्यात्म शोधणे ज्यांस अप्रशस्त वाटेल त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, छल करणाऱ्यांतील द्यूत मीच, असे सांगताना विभूतियोगात भगवंतांनी संकोच केलेला नाही.

खेळाची रचना थोडक्यात अशी. प्रत्येकास दोन पत्ते पालथे मिळतात आणि मेजाच्या मध्यभागी प्रथम तीन, मग एक, मग आणखी एक असे पाच पत्ते सर्वांच्या सामाईक उपयोगासाठी उघडले जातात. या सातांतून ज्याचे पाच पत्ते श्रेष्ठ ठरतील, किंवा ज्याच्या बोलीपुढे बाकीचे सारे माघार घेतील, त्याचा तो डाव. नो-लिमिट प्रकारात कोणत्याही क्षणी समोरची सगळी पुंजी पुढे सारण्याची मुभा असते. मुख्य सामन्याची फी १९७२ पासून १०,००० डॉलर आहे. तेवढ्यावर अलीकडे ६०,००० चिप्स मिळतात, आणि त्या संपल्या की पुन्हा फी भरून परत बसण्याची सोय नाही. पत्ते पाहण्यापूर्वीच दोघा खेळाडूंना पाळीपाळीने जी सक्तीची रक्कम टाकावी लागते ती ब्लाइंड. ब्लाइंड हा या राज्यातील शेतसारा होय: पीक येवो न येवो, जमीन पडीक ठेवली तरी तो माफ होत नाही, आणि ठरावीक मुदतीने, म्हणजे या सामन्यात दर दोन तासांनी, त्याची आकारणी वाढत जाते. प्रारंभी मात्र मोठा ब्लाइंड २०० चा आणि पदरी त्याच्या ३०० पट शिल्लक; त्यामुळे पहिल्या फेऱ्यांत काहीही न करणे जवळजवळ फुकट पडते.

आणि जाणता खेळाडू खरोखरच बहुतेक वेळ काही करीत नाही. बावन्न पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १,३२६ जुळण्या संभवतात. त्यांत दोन एक्के हाती येण्याचा योग २२१ डावांत एकदा, कोणतीही जोडी येण्याचा १७ डावांत एकदा, आणि लहानशी जोडी आलीच तर पहिल्या तीन उघड्या पत्त्यांत तिला तिसरा सोबती मिळण्याचा योग साधारण साडेआठांत एकदा. हे गणित ज्याच्या अंगी मुरलेले आहे तो दोन्ही तळव्यांच्या आडोशाने, अंगठ्याने पत्त्यांचे कोपरे किंचित उचलतो, वेगळ्या रंगांची सत्ती आणि दुर्री पाहतो, आणि दोन बोटांनी ते पत्ते डीलरकडे सरकवून देतो. त्याहूनही जो पक्का असतो, तो आपली पाळी येईपर्यंत स्वतःचे पत्ते पाहतच नाही. इतर जण आपापले पत्ते उचलून पाहतात तेव्हा तो त्यांचे चेहरे वाचीत असतो.

मिथ्याचारी ओळखावयाचा तो याच ठिकाणी. नवशिक्याने तीच सत्ती-दुर्री टाकून दिली आणि दैवयोगाने मेजावर सत्ती, सत्ती, दुर्री असे तीन पत्ते उघडले, म्हणजे त्याच्या तोंडून जो उसासा बाहेर पडतो तो त्याचा कबुलीजबाब समजावा. हात रिकामे झाले, मन टाकलेल्या पत्त्यांपाशीच ठाण मांडून राहिले. कधीही आपल्या नसलेल्या ढिगाची तो मनातल्या मनात मोजदाद करतो, जो तो ढीग ओढून नेतो त्याच्यावर चिडतो, आणि लवकरच तसलेच भिकार पत्ते घेऊन भलत्या डावात शिरतो. पोकरवाले या अवस्थेस टिल्ट म्हणतात. विषयांच्या चिंतनापासून बुद्धीच्या नाशापर्यंतची जी उतरंड गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितली आहे, ती येथे पहिली पायरी ते शेवटची अशी, पाव तासात पाहावयास मिळते.

मग उसासा न टाकणारा तो योगी म्हणावयाचा काय? माझ्या मते नाही, आणि त्याचे कारण त्याच्या संयमाच्या जमाखर्चातच नमूद आहे. १९७७ पर्यंत या सामन्याचे सारे इनाम एकट्या विजेत्याचे असे. १९७८ पासून ते वरच्या काही क्रमांकांत वाटले जाऊ लागले, आणि त्याबरोबर केवळ टिकून राहण्यालाच मोल आले. अशा वाटणीत चिप्स दुप्पट झाल्या म्हणून इनामाची आशा दुप्पट होत नाही. गमावलेल्या हजार चिप्स मिळविलेल्या हजारांहून महाग पडतात, हे मेसन माल्मथ प्रभृती लेखकांनी हिशेबाने दाखविले आहे. म्हणजे पहिल्या फेरीतील हा त्याग पुढील भोगासाठी केलेली बचत आहे. सारा वाढला, पुंजी आटली, की तोच मनुष्य सुमार पत्त्यांवर सर्वस्व पुढे लोटतो, आणि त्याने ते लोटलेच पाहिजे, नाहीतर तो बसल्या जागी बुडेल. ज्या संयमाची मुदत घड्याळाच्या ठोक्याला संपते तो कामनेच्याच नोकरीत असतो. तथापि हे म्हणताना आपली मान फार ताठ ठेवण्याचे कारण नाही. मीमांसकांनी काम्य कर्मास काम्य असे उघड नाव देऊन निदान दप्तर स्वच्छ ठेवले होते. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करून मुलाच्या नोकरीच्या हुकुमाची वाट पाहणाऱ्या आपल्या गृहस्थाश्रमात तेवढीही सफाई आढळत नाही.

एका बाबतीत मात्र हा खेळाडू आपणांस पुष्कळ मागे टाकतो. समजा, पहिल्याच तासात त्याच्या हाती दोन एक्के आले आणि समोरच्याच्या हाती दोन बादशहा. बोली चढत चढत दोघांची सारी पुंजी मध्ये गेली. शंभरांत सुमारे ८२ वेळा एक्के जिंकतात. उरलेल्या अठरांपैकी एक वेळ ही होती, आणि शेवटच्या पत्त्यावर बादशहा उघडला. तो उठतो, मेजावर बोटांनी एकदा ठोकतो, खुर्चीवरचे जाकीट उचलतो आणि चालू लागतो. उद्या हेच पत्ते हाती आले तर काय करशील, असे त्यास विचारले तर तो सांगेल की हेच करीन. आणि हे उत्तर हट्टाचे नसते, कारण जे त्याच्या अधीन होते त्यात काहीच चुकलेले नव्हते.

येथे कर्मविपाकाचा रूढ सिद्धांत आडवा येतो. त्याच्या मते कोणतेही दुःख निराधार नाही. ज्याचा हिशेब या जन्मात लागत नाही ती बाकी मागील जन्माच्या खात्यातून पुढे ओढलेली असते. म्हणूनच घरात अपयश आले की कोणता कुलधर्म राहिला, याची आपण तपासणी आरंभितो: कर्म आरोपी, आणि फळ त्याच्याविरुद्धचा साक्षीदार. पण हा साक्षीदार जर सदैव खरेच बोलणारा असेल, तर फळाकडे दृष्टी न ठेवता कर्म करावे हा उपदेश मोठा चमत्कारिक ठरतो, कारण निर्दोष पुराव्याकडे पाठ फिरविण्यात शहाणपण ते कसले? फलासक्ती सोडण्याच्या उपदेशात अर्थ उरतो तो, फळ हे कर्माविषयी पुष्कळदा खोटी साक्ष देते, हे कबूल केल्यावरच. गीतेने ते कबूल केले आहे असे मी समजतो. अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगताना अधिष्ठान, कर्ता, करणे आणि चेष्टा यांच्या पंक्तीला दैव हे पाचवे बसविले आहे. ते पूर्वकर्माचेच दुसरे नाव आहे असे तेथे म्हटलेले नाही, आणि शंकराचार्यांनीही तेथे दैव या पदाने इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता घेतल्या आहेत.

खेळाडूलाही आपला एक जन्मांतरवाद आहे, हे येथे सांगितले पाहिजे. लाखो डाव खेळल्यावर सारे योग सरासरीवर येतात, असे तो स्वतःस बजावतो, आणि गणित त्यास अनुकूलही आहे. फक्त मुख्य सामना वर्षातून एकदा भरतो, आणि त्यातले देणेघेणे सरासरीवर येण्यास मनुष्याचे एक आयुष्य पुरणारे नाही. बघ्यांना तर एवढाही धीर नसतो. २००३ साली ख्रिस मनीमेकर हा टेनेसीचा हिशेबनीस, इंटरनेटवरील एका अल्प फीच्या पात्रता सामन्यातून तेथे येऊन ८३९ खेळाडूंत पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. पुढल्या वर्षी २,५७६ जण आले आणि २००६ मध्ये ८,७७३. त्याचे कोणते निर्णय बरोबर होते याचा पंचनामा करून यांतले कितीसे आले असतील? त्यांनी फळ पाहिले आणि कर्मास प्रमाणपत्र देऊन टाकले.

आपल्या नळाचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. ऋतुपर्णाने बिभीतकाच्या झाडाची पाने-फळे दृष्टिक्षेपात मोजून दाखविली, अश्वविद्येच्या मोबदल्यात नळाने त्याच्याकडून अक्षविद्या घेतली, आणि ती विद्या आत शिरताच कली त्याच्या देहातून बाहेर पडला. संख्याज्ञानाने भूत उतरल्याची ही कथा व्यासांनी वनपर्वात घातली आहे, ती द्यूतात राज्य गमावलेल्या युधिष्ठिराच्या कानी पडावी म्हणून. परंतु शहाणा झालेला हा नळ निषध देशी परत जाऊन करतो काय? पहिल्या द्यूतात सर्वस्व हरल्यावरही दमयंतीस पणास लावण्याचे ज्याने नाकारले होते, तोच आता पुष्करापुढे तिला आणि मिळविलेले सारे धन स्वतःहून एका डावावर ठेवतो, आणि जिंकतो. पहिला नळ कलीने झपाटलेला आणि दुसरा ज्ञानी, असे आख्यान सांगते व आपणही पिढ्यान् पिढ्या तसेच सांगत आलो. तो एक फासा उलटा पडला असता, तर कली खरोखर बाहेर पडला होता यावर किती श्रोत्यांनी विश्वास ठेवला असता, हे मात्र कोणत्याही कीर्तनकाराने विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.