चिलखतावरचा उजेड

वर्धा

चि. बाळ,

तू काढलेल्या सरदाराच्या चित्राचा फोटो मिळाला. चिलखताची कडी न् कडी मन लावून रंगवली आहेस. पण प्रत्येक कडी सारखीच चकाकते आणि चेहराही तेवढाच उजळ, त्यामुळे नजर कुठे ठरत नाही. म्हणून हे पत्र.

बर्लिनच्या गेमेल्डेगॅलरीत १६५०च्या सुमाराचं एक तैलचित्र आहे, ‘सोनेरी शिरस्त्राण घातलेला माणूस’. मोबाइलवर मोठं करून बघ. शिरस्त्राणावर रंगाचा थर इतका जाड चढवलाय, की त्याच्या उंचवट्यांवर खोलीतला खरा उजेड अडतो आणि धातू झळाळतो. त्याखालचा म्हाताऱ्याचा चेहरा मात्र मंद, अर्धा अंधारात, नजर खाली झुकलेली. झळाळी आपल्याला बोलावते. आपण रेंगाळतो ते त्या चेहऱ्यापाशी. हे चित्र रेम्ब्रांचं म्हणून जगभर गाजलं. पुढे १९८५मध्ये, ते त्याच्या हातचं नसून त्याच्या वर्तुळातल्या कुणा चित्रकाराचं असावं, असा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला. म्हणून त्यातला उजेड तसूभरही कमी झाला नाही.

आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी उजेडाचा असाच खेळ जलरंगात साधला. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात त्यांची दिवा घेतलेली स्त्री आहे. ज्योतीला तिने हाताचा आडोसा दिलाय आणि बोटांच्या कडा उजळल्यात. जलरंगात उजेड वरून थापता येत नाही. कागदाचा पांढरेपणा राखायचा आणि भोवती सावली चढवत न्यायची. एकदा रंग लागला की तो उजेड परत मिळणं कठीण.

सावलीचं हे काम प्रत्यक्ष बघायला सेवाग्रामला सकाळी जाऊन ये. भर दुपारी आपलं ऊन सगळंच सपाट करून टाकतं. तिथल्या बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी ताडाची झाडं उठावात काढली आहेत. ती नजरेत भरतात ती उठावाच्या कडेला पडणाऱ्या सावलीमुळे. थोडं बाजूला सरकून बघ, मग वहीत फक्त सावल्या उतरव.

नवीन चित्र घेशील तेव्हा उजेडाची एकच दिशा ठरव. चिलखताच्या दोन-चार कड्याच चमकू दे, बाकीच्या काळोखात जाऊ दे. कष्टाने काढलेलं झाकायला जीव होत नाही, हे मला कळतं. पण हा सरदार थकलाय, की लढाईला निघालाय? आधी ते ठरव. मग चेहऱ्याचा कुठला भाग उजेडात ठेवायचा, हे तुझं तुलाच उमगेल.

तुझे,
आबाजी