शिक्षा की शिक्षण?

शाळा सुटल्यावर मुलाला पुन्हा गणिताच्या शिकवणीला बसवावे काय, आणि ते रोज कुरकुर करीत असता बसवीत राहावे काय, हा प्रश्न वरवर घरगुती दिसतो. खरे पाहता तो नीतीचा आहे. दुसऱ्याच्या उद्याच्या हितासाठी त्याच्या आजच्या इच्छेविरुद्ध जाण्याचा अधिकार आपल्याला कोठवर आहे?

मुलाच्या लेखी ही शिकवणी म्हणजे शिक्षाच. या शब्दाशी भाषांतरकारालाही झगडावे लागते. इंदूर-भोपाळकडील आपल्या कुटुंबांतील मुले शाळेत ‘शिक्षा’ हा शब्द शिक्षण या अर्थाने शिकतात आणि घरी मराठीत तोच दंड या अर्थाने ऐकतात. इब्री लोकांस पत्राच्या १२ व्या अध्यायातील ‘पैदेइया’ या ग्रीक शब्दात वळण लावणे आणि ताडन हे दोन्ही अर्थ नांदतात. मात्र ११ व्या वचनात लेखक जोडीला जे क्रियापद आणतो, ते व्यायामशाळेतले आहे. फळ मिळते ते ज्यांनी कसरत केली त्यांना. शिवाय ती चालू असता सुखाची वाटत नाही, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले आहे. मग तेच मुलाने बोलून दाखविले तर आपण का संतापावे?

गणितात जादा कसरत लागते, याचे कारण त्या विषयाच्या रचनेत आहे. इतिहासाचा एक धडा बुडाला तरी पुढचा बव्हंशी समजतो. पाढे कच्चे राहिले की भागाकार अडतो, भागाकार अडला की अपूर्णांक, आणि मग बीजगणित परके होते. म्हणून ‘नको म्हणतो तर राहू द्या’ ही माया मला खरी वाटत नाही.

परंतु तक्रारी सगळ्या सारख्या नसतात. ‘कंटाळा आला’ ही एक. ‘मी ढच आहे’ ही दुसरी. कलस्सैकरांस पत्र ३:२१ मध्ये पौल बापांना जी ताकीद देतो, तिच्यातील मूळ क्रियापदाचा अर्थ धीर खचणे असा आहे. कंटाळा सोसता येतो. खचलेल्या धीराने एकही उदाहरण सुटत नाही. शेजारच्या मुलाचे गुण ऐकवून तो परत येत नाही, हे सांगावयास नकोच.

मूल १/२ अधिक १/३ बरोबर २/५ असे लिहिते. त्यावर लाल फुली मारण्याऐवजी विचारावे, “अर्धी भाकरी होती, तीत भर घातली, आणि अर्ध्याहून कमी कशी झाली रे?” बहुधा ते हसेल, आणि आपली चूक आपणच शोधील. असे एक उदाहरण स्वतःच्या बुद्धीने सुटले, की दुसऱ्या दिवशी शिकवणीला निघताना पाय थोडे कमी ओढतात. कुरकुर अर्थात थांबत नाही. मत्तय २१ मधील दाखल्यातला एक मुलगा बापाला तोंडावर नाही म्हणाला, पण मागाहून द्राक्षमळ्यात गेला. प्रभूने त्याच्या जाण्याकडे पाहिले.

एक गोष्ट मात्र खटकते. काही शिकवण्या रविवारी सकाळीच भरतात, आणि उपासना व संडेस्कूल दोन्ही बुडतात. येथे मुलाची तक्रार रास्त असू शकते. शिक्षकांना भेटून वेळ बदलून मागावी, आणि जाताना मुलालाही बरोबर न्यावे, म्हणजे आपल्या बाजूने घरचे कोणी बोलते हे त्याला दिसेल.