ढिगारा उपसणाऱ्याची काळजी कोणाची?

काळभैरवाच्या देवळापुढे भैरवगढात छिप्यांची वस्ती आहे. कापडावर गरम मेणाने नक्षी काढून ते रंगात बुडवायचे, हा तिथला पिढीजात धंदा. एकदा एका घरी मी पाहिले, नव्याने आलेल्या पोराला उस्ताद नक्षी शिकवत नव्हता. मेणातून धूर निघू लागला की आच कशी उतरवायची, कढईत पाण्याचा थेंब का पडू द्यायचा नाही, हेच तो आधी सांगत होता. मला ते पाहून मान खाली घालावी लागली. त्याचे कारण असे.

काही वर्षांपूर्वी क्षिप्रेचे पाणी आमच्या नात्यातल्या एका घरात शिरले. मागची माती-विटांची भिंत अर्धी ढासळली, अर्धी कलून उभी राहिली. ढिगारा काढायला मी नाक्यावरून दोन मजूर आणले. "सांभाळून करा," एवढेच म्हणालो. त्यातला थोरला हसून म्हणाला, "बाबूजी, हो जाएगा." तासाभरात उरलेली भिंत खाली आली आणि त्याचा पाय चिरडला.

दवाखान्याचा खर्च मी केला, तीन महिन्यांची मजुरी दिली. लोक म्हणाले, तुम्ही माणुसकी दाखवलीत. पण एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. त्याच दिवशी सकाळी मी भाच्याला दटावले होते, "त्या भिंतीपाशी फिरकू नकोस रे!" म्हणजे धोका मला ठाऊक होता. तो मी घरच्या मुलाला सांगितला, मजुराला नाही.

कोणी म्हणेल, तो आपल्या राजीखुशीने आला होता. खरे आहे. पण ज्याला धोक्याची पूर्ण माहिती नाही आणि ज्याच्या घरची चूल आजच्या रोजावर पेटते, त्याच्या 'हो जाएगा'ला संमती म्हणावे का? मला तरी म्हणवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपत्तीत शिकवत बसायला वेळ कोणाला असतो? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला दगडमातीची घरे कोसळली, तेव्हा शेजाऱ्यांनी हातांनी माती उपसली. आत माणूस जिवंत असताना नियम विचारत थांबणे हा दोषच ठरला असता. पण जीव वाचवण्याची घाई काही तासांची, फार तर काही दिवसांची. त्यानंतरची साफसफाई महिनोन्‌महिने चालते. तिथे घाईची सबब लावणे म्हणजे पहिल्या दिवसाचे पुण्य पुढच्या निष्काळजीपणावर पांघरणे होय.

आणि मनात आले तर काळजी घेता येते. भोपाळच्या 1984 च्या वायुकांडानंतर कारखान्यात पडून राहिलेला सुमारे 337 टन विषारी कचरा जानेवारी 2025 मध्ये 12 कंटेनरांतून पीथमपूरला नेला. तो भरणाऱ्यांना अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या होत्या, अंगावर संरक्षक पोशाख होते. तिथे विषाचे भय सर्वांनाच होते. विटेचे भय आपल्याला वाटत नाही, कारण ती आपल्याच घराची असते. पण भिजलेली भिंत ओळख ठेवत नाही.

आता असे काम निघाले की मी आधी घरातला मुख्य खटका बंद करतो. कललेल्या भिंतीच्या उंचीहून अधिक अंतर सोडून सगळ्यांना उभे करतो. वरून खाली कसे उतरवायचे ते जाणत्या गवंड्याकडून सांगवतो. एकजण नुसता भिंतीकडे पाहत उभा राहतो. त्याची हाक आली की सगळ्यांनी बाहेर यायचे. आणि शेवटी सांगतो, "नको वाटले तर नाही म्हणा, आजचा रोज कापणार नाही." हे शेवटचे वाक्य नसेल, तर आधीची सारी शिकवण मजुराच्या गळ्यात बांधलेली जबाबदारी होते.

तो थोरला मजूर अजून कधीतरी काळभैरवाच्या वाटेवर भेटतो. "जय महाकाल, बाबूजी," म्हणतो आणि लंगडत पुढे जातो. तक्रार त्याने कधीच केली नाही. मीही त्याला भाच्याची गोष्ट अजून सांगितलेली नाही.