अर्धी प्रदक्षिणा

ट्रेकच्या जाहिरातींत हल्ली प्रत्येक डोंगराला एक श्रेणी लागलेली असते. सोपी, मध्यम किंवा कठीण. वसईच्या पूर्वेला, सातिवलीच्या मागे उभा असलेला तुंगारेश्वरचा डोंगर बिनतक्रार ‘मध्यम’मध्ये बसतो. सकाळी लवकर निघावं, देवळाच्या रस्त्याने चढावं, वरच्या रानातून हिंडून दुसऱ्या सोंडेने उतरावं आणि संध्याकाळच्या चहाला महामार्गावरच्या टपरीवर हजर व्हावं. दोर लागत नाही, मुक्काम लागत नाही. गुडघे शाबूत असले की पुरतं. मला ही श्रेणी आवडते, कारण तिच्यात पराक्रमाला वाव नाही आणि त्यामुळे बढाईलाही नाही. पण ती मोजते काय, तर चालणाऱ्याचा दम. ज्या रानातून तो चालतो, त्या रानाची दमछाक कुठे होते हे त्या एका शब्दात कुठेच येत नाही.

आपल्याकडचं डोंगर हिंडणं गडकिल्ल्यांच्या अंगाखांद्यावर वाढलं. गडाला माथा असतो, दरवाजा असतो, इतिहास असतो. वर पोचलं, घोषणा दिली, टाक्यातलं पाणी प्यायलं, भाकरी खाल्ली, की मोहीम फत्ते. उतरणं हे नुसतं घरी जाणं. गोल वाटेचा ट्रेक याच्या अगदी उलट स्वभावाचा. त्याला पोचायचं ठिकाण नसतं. माथा आलाच तर वाटेत येतो आणि मागे पडतो. या प्रकाराला आपल्याकडे जुना आधार एकच भक्कम आहे, तो प्रदक्षिणेचा. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी करणारे लोक पावसाचिखलातून सुमारे वीस किलोमीटर चालतात आणि जिथून निघाले तिथेच परत येतात. त्यांना कोणी ‘मग मिळवलं काय?’ असं विचारत नाही. शहरातल्या रविवारच्या ट्रेकरला मात्र हा प्रश्न विचारला जातो, आणि तो बिचारा फोटो दाखवतो.

सातिवलीतून डोंगराकडे जाताना सुरुवातीचा टप्पा गाळ्यांमधूनच जातो. पत्र्याच्या छपराचे कारखाने, प्रेसचे ठोके, पावडर कोटिंगचा घशात बसणारा वास, उभे टेंपो आणि उत्तरेकडच्या बोलीत एकमेकांना हाका मारणारे कामगार. मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या या पट्ट्यात सातिवली, वालीव, गोखिवरे अशी गावं औद्योगिक वसाहतींमध्ये अशी मिसळून गेली आहेत की गावठाण कुठे संपलं ते जुन्या माणसालाच सांगता यावं. मग वन खात्याची चौकी लागते, पावती फाडली जाते आणि ओढ्यांवरून जाणाऱ्या रस्त्यावर सावली पडायला लागते. २००३ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य वसई आणि भिवंडी तालुक्यांत मिळून सुमारे ८५ चौरस किलोमीटर पसरलं आहे. वसई-विरारच्या लाखो लोकांना ते रोज खिडकीतून दिसतं. बहुतेकांची ओळख देवळापर्यंतच.

देवळाच्या पुढे गर्दी गळते आणि रान सुरू होतं. माघ-फाल्गुनात इथे पावलागणिक सागाची वाळकी पानं मोडतात. आवाज इतका मोठा की कुठलंही जनावर आपल्याला दिसायच्या आत आपण त्याला कळलेलो असतो. ऐनाची झाडं लगेच ओळखू येतात, खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटीचौकटींनी भेगाळलेली. कोरड्या दिवसांतही या खोडात पाणी साठलेलं असू शकतं, हे जंगलात राहणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. उतारावर कारवीची दाटी. ही कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते. शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. मधल्या वर्षांत तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. पाहतात फक्त पाड्यांवरचे लोक, कारण कारवीच्या काठ्यांच्या कुडाला शेणमाती लिंपली की घराची भिंत उभी राहते.

अशाच एका वळणावर मोळी घेऊन उतरणाऱ्या दोघी भेटल्या. एकीने विचारलं, कुठे चाललात. मी म्हटलं, मावशी, असंच वरून फिरून परत खाली. तिने डोक्यावरचा भार सावरत मला एकदा नीट पाहिलं आणि सोबतिणीला म्हणाली, “परत खालीच यायचं हाय त्याला.” दोघी हसत निघून गेल्या. त्या हसण्यात हेटाळणी नव्हती, नुसतं नवल होतं. त्यांच्या प्रत्येक वाटेला कारण असतं. लाकूड, पाणी, बाजार, लेकीचं सासर. वाट सरळ जाते, कारण गरज सरळ जाते.

गोल वाटेचं सुख मला नाकारायचं नाही. तोच दगड पुन्हा पाहावा लागत नाही, चढ एका बाजूचा नि उतार दुसऱ्या बाजूचा, उन्हाची दिशा बदलत जाते आणि शेवटी सगळं कसं जुळून आल्यासारखं वाटतं. तक्रार आहे ती या शेवटच्या वाटण्याबद्दल. वर्तुळ पूर्ण झालं की मनात नकळत बसतं की आपण जंगल ‘पाहिलं’. ते एवढंच आहे, इथे सुरू होतं, इथे संपतं. अभयारण्याचा नकाशाही हीच समजूत पक्की करतो: हिरवा तुकडा, त्याला गडद कड, आणि कडेबाहेर पांढरा कागद. तुंगारेश्वरसारख्या शहरालगतच्या रानाचं सगळ्यात मोठं नुकसान या समजुतीने होतं. आत एकही झाड पडलं नाही तरी असं रान मरू शकतं. त्याचं बाहेरचं येणंजाणं तुटलं की पुरे.

गंमत म्हणजे ज्या देवाच्या नावाने हा डोंगर ओळखला जातो, त्याच्या देवळात वर्तुळ पुरं करायची मुभाच नाही. शंकराला प्रदक्षिणा अर्धी. शाळुंकेच्या पन्हळीतून तीर्थ जिथे बाहेर पडतं तिथपर्यंत जायचं, ती रेषा ओलांडायची नाही, आल्या पावली मागे फिरायचं आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा तिथपर्यंत यायचं. सोमसूत्री प्रदक्षिणा म्हणतात ती हीच. तिची कारणं शास्त्री आपल्या परीने सांगतील. मला तिच्यातली व्यवहाराची समज भावते: गाभाऱ्यातून काहीतरी सतत बाहेर वाहत असतं आणि फेरी मारणाऱ्याने त्या वाहण्याच्या आड यायचं नसतं. डोंगरालाही हाच नियम लावून पाहावा.

तुंगारेश्वरच्या पन्हळी निदान तीन बाजूंना आहेत. पूर्वेचं पाणी तानसा नदीकडे जातं, वज्रेश्वरीच्या गरम कुंडांजवळून वाहणारी ही नदी पुढे वैतरणेला मिळते. दक्षिणेचं पाणी चिंचोटी-कामणच्या बाजूने वसईच्या खाडीत उतरतं. चिंचोटीचा धबधबा त्याच बाजूचा, दर पावसाळ्यात बुडण्याच्या बातम्यांनी गाजणारा. आणि पश्चिमेचे ओढे महामार्गाखालून शहरात शिरतात. या पश्चिमेकडच्या पाण्याशी शहराचं नातं मोठं विचित्र आहे. पेल्हारचं धरण याच डोंगराच्या कुशीत, उसगावचंही त्याच्याच शेजारी, आणि सूर्या प्रकल्पाच्या जोडीने ही दोन्ही धरणं शहराला पाणी देतात. नळाने आलेलं पाणी चालतं. ओढ्याने आलेलं मात्र कोणालाच नको असतं. खाजणं भरून, नाले अरुंद करून आपण त्याची वाट बुजवली, आणि जुलै २०१८ मध्ये नालासोपारा-वसईत रेल्वेचे रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या थांबल्या तेव्हा सगळ्यांनी आकाशाकडे बोट दाखवलं.

पाण्याला निदान ओढ्याची खूण असते. जनावराच्या वाटेला तीही नसते. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत अडकलेला एक बिबट्या बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटाजवळ सोडण्यात आला. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातला हा बिबट्या ‘आजोबा’ या नावाने ओळखला गेला. पुढच्या काही आठवड्यांत तो शंभराहून अधिक किलोमीटर चालला. महामार्ग आणि रेल्वे ओलांडत वसईच्या औद्योगिक पट्ट्यात आला आणि खाडी पोहून पलीकडे, राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात पोचला. पलीकडे किनारा आहे हे त्याला सांगायला कोणी नकाशा दिला नव्हता. २०११च्या डिसेंबरमध्ये घोडबंदर परिसरात महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला आणि अंगातल्या चिपवरून ओळख पटली. त्याच्यावर २०१४ साली मराठीत चित्रपटही आला. लोक बाहेर पडताना हळहळले आणि महामार्गानेच घरी गेले. दुसरं काय करणार!

आजोबाच्या त्या प्रवासाला श्रेणी द्यायची तर माळशेजच्या कड्यांना ‘सोपी’ द्यावी लागेल आणि महामार्गाला ‘कठीण’. तुंगारेश्वर आणि राष्ट्रीय उद्यान यांच्यामध्ये आज चिंचोटी-भिवंडी रस्ता आहे, वसई-दिवा रेल्वे आहे, गोदामं आहेत, मग खाडी आणि खाडीपलीकडे घोडबंदर. मार्च-एप्रिल २०२४ मध्ये तर एक बिबट्या थेट समुद्राकाठी, वसईच्या किल्ल्यात महिनाभराच्या आसपास मुक्काम करून होता. रो-रो बोटीच्या संध्याकाळच्या फेऱ्या त्याच्यापायी बंद ठेवाव्या लागल्या आणि शेवटी तो पिंजऱ्यात आला. बातम्यांतून त्याला ‘भरकटलेला’ म्हटलं गेलं. मला वाटतं, आपण आखलेल्या गोलाच्या बाहेर जो सापडेल तो भरकटलेला, असा हा साधा हिशेब आहे.

यावर कोणी म्हणेल, मग माणसांनाच आत सोडू नका. हा उपाय सोपा आहे म्हणून लोकप्रिय आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर या डोंगरावरच्या परशुराम कुंडाजवळचा बालयोगी सदानंद महाराजांचा आश्रम पाडण्यात आला. भक्त हळहळले, पर्यावरणवाद्यांना हायसं वाटलं. अभयारण्यात पक्कं बांधकाम नको, हे मला पटतं. पण माथ्यावरच्या एका बांधकामावर वर्षानुवर्षं जितका खल झाला, त्याच्या चतुर्थांश तरी पायथ्याच्या चहूबाजूंनी चढत येणाऱ्या गाळ्यांवर, भरावांवर आणि रस्त्यांवर व्हायला हवा होता. श्रावणी सोमवारी अनवाणी चढणारी बाई डोंगराचं जे बिघडवते ते प्लास्टिकच्या पिशवीएवढं, आणि ते उचलता येतं. मोळीवाल्यांचंही तसंच. त्यांची आणि आम्हा रविवारच्या हिंडणाऱ्यांची वर्दळ सूर्यास्ताला संपते. भराव रात्रीही तिथेच असतो.

म्हणून गोल वाट उतरून महामार्गाला लागलं की चहाआधी रस्त्याखालच्या मोऱ्या पाहाव्यात, असं माझं सोबत्यांना सांगणं असतं. ओढा जिथे रस्त्याखालून जातो ती मोरी. एकीच्या तोंडाशी बांधकामाचा राडारोडा होता, आत थर्माकोल आणि गाळ, वर ट्रकांची घरघर. ही मोरी पाण्याची पन्हळ आहे, आणि जरा उंच, जरा रुंद असती तर जनावराचीही झाली असती. हे स्वप्नरंजन नाही. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी मुद्दाम मोकळ्या जागा ठेवल्या गेल्या, आणि तिथून वाघ जाताना कॅमेऱ्यांत टिपले गेले. वाघाला जमलं ते बिबट्याला जमायला हरकत नाही, तो तर जात्याच जुळवून घेणारा. वसईच्या पट्ट्यात रस्ते रुंद होत आहेत, नवे येऊ घातले आहेत. प्रत्येकाच्या आराखड्यात मोरीचं माप कुठल्यातरी तक्त्यातून, किती पाऊस पडेल एवढं पाहून ठरतं. त्या तक्त्यात आणखी एक रकाना वाढवायला ना न्यायालय लागतं ना आंदोलन. आराखडा कागदावर असतानाच कोणीतरी विचारायला हवं की कामणच्या बाजूने खाडीकडे जाणारं जनावर हा रस्ता कुठून ओलांडणार. रस्ता झाल्यावर विचारलं, तर उत्तर म्हणून फक्त ‘वन्यप्राणी ओलांडतात, सावकाश चालवा’ अशी पाटी मिळते. आणि सातिवलीच्या त्या सरळसोट पट्ट्यावर सावकाश चालवणारा ट्रक मी तरी अजून पाहिलेला नाही.