प्रतिकृतीभोवतीची भांडणे

वेगवेगळ्या शास्त्रांतली माणसे एका कामावर बसली की आधी त्यांची परिभाषा एक व्हावी लागते, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात बहुतेक गट परिभाषा एक होण्याची वाट पाहत नाहीत. त्यांच्यामध्ये एखादा नकाशा, आराखडा, तक्ता किंवा कच्ची प्रतिकृती असते आणि जो तो आपल्या शास्त्राच्या नजरेने तिच्याकडे पाहतो. अशा वस्तूला सुझन ली स्टार आणि जेम्स ग्रीसेमर यांनी १९८९ मध्ये ‘बाउंडरी ऑब्जेक्ट’ हे नाव दिले. त्यांचा अभ्यास कॅलिफोर्नियातील बर्कली येथील पृष्ठवंशीय प्राण्यांच्या संग्रहालयावर होता. १९०८ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयासाठी पैसा देणाऱ्या ॲनी अलेक्झांडर यांना नाहीशी होत चाललेली तिथली प्राणिसृष्टी जतन करायची होती. संचालक जोसेफ ग्रिनेल यांना उत्क्रांती आणि परिसर यांचा संबंध शोधायचा होता. सापळे लावून जनावरे धरणाऱ्याला मोबदला हवा होता. प्राणी कुठे, कधी, कोणत्या परिसरात सापडला याची ठरीव नोंद या सगळ्यांना पुरली. सापळे लावणाऱ्याला उत्क्रांतीचा सिद्धांत समजावा लागला नाही.

हे विवेचन मोलाचे असले तरी ते प्रामुख्याने सलोख्याचे आहे. जिथे नवे काही शोधायचे असते तिथे समाईक वस्तूला आणखी एक काम करावे लागते: हरकत घेता येईल अशी जागा दाखवण्याचे. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत १९५१ ते १९५३ या काळात झालेली डीएनएच्या प्रतिकृतीची जुळवाजुळव हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

जेम्स वॉटसन जीवशास्त्राकडून आलेले, फ्रान्सिस क्रिक भौतिकशास्त्राकडून. १९५१ च्या अखेरीस दोघांनी तीन साखळ्यांची एक प्रतिकृती उभी केली. तिच्यात फॉस्फेटचे गट मध्यभागी होते आणि त्यांना धरून ठेवायला मॅग्नेशियमचे आयन होते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून मॉरिस विल्किन्स, रोझलिंड फ्रँकलिन आणि सहकारी ती पाहायला आले. फ्रँकलिन स्फटिकांच्या क्ष-किरण चित्रणातल्या तज्ज्ञ. रेणूत पाण्याचे प्रमाण या प्रतिकृतीत धरले आहे त्याहून कितीतरी जास्त असते, असले आयन पाण्याने वेढलेले राहतील, तेव्हा फॉस्फेट बाहेरच असले पाहिजेत, हे त्यांनी लगेच दाखवून दिले. फ्रँकलिन यांच्या व्याख्यानाला वॉटसन हजर होते, पण पाण्याचा आकडा त्यांनी चुकीचा लक्षात ठेवला होता. कानावर पडलेली गोष्ट निसटली. जोडलेल्या सांगाड्यातली चूक मात्र लपली नाही. प्रयोगशाळेचे प्रमुख लॉरेन्स ब्रॅग यांनी दोघांना काम थांबवायला सांगितले.

१९५३ च्या सुरुवातीला अमेरिकेत लायनस पॉलिंग यांनी स्वतःची तीन साखळ्यांची, तीही चुकीची, रचना मांडली आणि केंब्रिजमधील बंदी उठली. आता प्रश्न आतल्या चार बेसचा होता. वर्कशॉपमधून पत्र्याचे तुकडे यायला वेळ लागत होता, म्हणून वॉटसन यांनी पुठ्ठ्याचे आकार कापले. प्रथम त्यांनी सारख्याशी सारखी जोडी लावली. बेसचे रूप पाठ्यपुस्तकातून घेतले होते. त्याच खोलीत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ जेरी डोनोह्यू यांनी पुस्तकातले ते रूप चुकीचे असल्याचे सांगितले. हायड्रोजनचा अणू दुसऱ्या जागी धरल्यावर पुठ्ठ्यांचे आकारच बदलले. फेब्रुवारीच्या अखेरीस नव्या आकारांनी ॲडेनिन–थायमिन आणि ग्वानिन–सायटोसिन या जोड्या जमल्या, आणि दोन्हींची रुंदी सारखीच निघाली. एर्विन शारगाफ यांना या बेसच्या प्रमाणांत आढळलेली समानता त्यातून आपोआप स्पष्ट झाली. डोनोह्यू यांना अनुवंशशास्त्रात शिरावे लागले नाही आणि वॉटसन यांनाही क्वांटम रसायन शिकावे लागले नाही. मतभेद पुठ्ठ्याच्या कडेवर, एका अणूच्या जागेवर येऊन ठेपला होता, आणि तिथे तो सुटण्यासारखा होता.

बोलण्यातून हे इतक्या लवकर घडले नसते. शब्द सैल असतात. ‘बंध’ म्हणताना दोन शास्त्रज्ञांच्या मनात दोन वेगळ्या कल्पना असू शकतात आणि संभाषण तरीही सुरळीत चालते. प्रतिकृतीत प्रत्येक अंतर, प्रत्येक कोन कुठेतरी ठरवावाच लागतो. अपुरेपणा झाकायला तिच्यात जागा कमी असते. तयार झालेली प्रतिकृती मार्चमध्ये विल्किन्स आणि फ्रँकलिन यांनी पाहिली आणि आपल्या मोजमापांशी ताडून मान्य केली.

मात्र सगळीच कागदपत्रे या अर्थाने समाईक नव्हती. फ्रँकलिन यांच्या मार्गदर्शनाखाली रेमंड गॉस्लिंग यांनी १९५२ मध्ये घेतलेले डीएनएचे क्ष-किरण चित्र, ‘फोटो ५१’, विल्किन्स यांनी वॉटसन यांना फ्रँकलिन यांच्या नकळत दाखवले. किंग्ज कॉलेजमधील कामाचा अहवाल कॅव्हेंडिशमधील मॅक्स पेरुट्झ यांच्यामार्फत क्रिक यांच्याकडे पोहोचला. त्यात नोंदवलेल्या स्फटिकाच्या सममितीवरून दोन साखळ्या उलटसुलट दिशांना जातात, हे क्रिक यांनी ओळखले. घोड्याच्या हिमोग्लोबिनमधली तीच सममिती त्यांच्या परिचयाची होती. फ्रँकलिन यांच्याजवळ तीच माहिती होती, पण तिच्यातला हा अर्थ त्यांनी तेव्हा काढला नव्हता. दुसऱ्या शास्त्राच्या हाती गेल्यावर माहितीतून नवा अर्थ निघतो, याचा हा उत्तम पुरावा. आणि ती कोणाच्या संमतीने गेली हा प्रश्न तिथेच उभा राहतो. पत्र्याच्या सांगाड्याकडे पाहून त्यातले कोणते माप कोणाच्या श्रमातून आले, हे कळत नाही. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’ अंकात वॉटसन–क्रिक यांचा लेख आधी आणि फ्रँकलिन–गॉस्लिंग यांचा त्याच गटात तिसरा छापला गेला, त्यामुळे जे मोजमाप रचनेला आधारभूत होते ते वाचकांना रचनेला दुजोरा देणारे वाटले.